हसू एकट्याचे नसते

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

हसण्याचे फायदे सांगणारे लेख आणि भाषणे आपल्याला आता नवीन राहिलेली नाहीत. हसल्याने मन हलके होते, दुखणी पळतात, आयुष्य वाढते, असे कुणी ना कुणी सांगतच असते. सकाळी बागेत हात वर करून मोठमोठ्याने हसणारी ज्येष्ठ मंडळी आपण पाहतो. दवाखान्याच्या भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचे चित्र आणि त्याखाली 'नेहमी हसत राहा' असा उपदेश असतो. या सगळ्यात खरे किती आणि सांगोवांगीचे किती, आणि जे खरे आहे ते नेमके घडते तरी कसे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

माझा हसण्याशी संबंध जरा आडवळणाने आला. मी सरकारी नोकरीत कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. चंद्रपूर जिल्हा आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, या दोन जिल्ह्यांतली गावे आधी सायकलने, मग एस.टी.ने आणि पुढे मोटारसायकलने पालथी घालणे हे माझे काम. घरोघर जायचे, कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का ते पाहायचे, तो बधिर आहे का हे तपासायचे, आणि मग नसा तपासायच्या. त्यात चेहऱ्याची तपासणी ऐकायला मोठी गमतीची वाटते. डोळे हलके मिटा. आता घट्ट मिटा. कपाळाला आठ्या घाला. गाल फुगवा. शीळ वाजवा. आणि शेवटी, दात दाखवा.

सिंदेवाही भागातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला यावर विचारले होते, "काहून जी, दात कायले पायता? बैल इकत घेता का?" सारे अंगण खो-खो हसले. ती स्वतःही हसली. आणि मला जे पाहायचे होते ते त्या हसण्यातच दिसून गेले. दोन्ही गाल सारखे वर गेले, दोन्ही डोळे सारखे बारीक झाले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचे जाळे पडले. सांगितल्यावर दाखवलेले दात आणि असे आतून आलेले हसू यांत फरक असतो, आणि तो फरक डोळ्यांपाशी असतो.

हा फरक पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने. १८६२ साली त्याने चेहऱ्यावरच्या भावांसंबंधी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विजेचा सौम्य झटका देऊन चेहऱ्याचा एकेक स्नायू त्याने आखडवून पाहिला आणि त्यांची छायाचित्रे घेतली. त्याचे प्रयोग सहन करणारा मुख्य माणूस होता एक म्हातारा, ज्याच्या चेहऱ्याला संवेदनाच नव्हती. म्हणून त्याला झटक्यांचा त्रास होत नसे. ड्यूशेनला आढळले ते असे : गालाचा एक स्नायू ओठांचे कोपरे वर ओढतो. तो आपल्या हुकमाने हलतो. पण खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा कड्यासारखा स्नायूही आकसतो, आणि तो सहसा हुकूम पाळत नाही. आजचे संशोधक म्हणतात की काही लोकांना तोही मुद्दाम हलवता येतो, त्यामुळे डोळ्यांवरून खरे-खोटे अगदी छातीठोकपणे ठरवता येत नाही. तरीपण डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हसण्याला शास्त्रात अजून 'ड्यूशेन स्मित' असेच म्हणतात. आपल्या आज्यांना हे ग्रंथ न वाचताच ठाऊक होते. 'नुसते ओठ हलले, डोळे नाही हसले,' असे त्या सहज म्हणून जात.

आता कुष्ठरोगाचा जंतू नेमका इथे घाव घालतो. हा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. तो शरीराच्या थंड भागांत वाढतो आणि कातडीजवळच्या नसांमध्ये बस्तान मांडतो. चेहऱ्याच्या नसेची एक फांदी गालाच्या हाडावरून अगदी कातडीलगत जाते. तिला इजा झाली की ज्या स्नायूबद्दल ड्यूशेनने लिहिले, तो डोळ्याभोवतीचा स्नायू दुबळा होतो. डोळा पूर्ण मिटत नाही. झोपेतही फट राहते. धूळ बसते, डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते, फूल पडते आणि शेवटी दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांची काळजी डोळ्यासाठी असते आणि ती रास्तच आहे. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्या माणसाच्या हातून निसटत असते, तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. त्याचे हसू.

ही गोष्ट किती मोठी आहे हे कळायला लहान बाळाकडे पाहावे लागते. नवजात बाळ झोपेत ओठ हलवून हसते तेव्हा आपल्याकडे 'सटवाई हसवते' असे म्हणतात. ते हसू कुणासाठी नसते. पण साधारण सहा ते आठ आठवड्यांचे झाले की बाळ समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. जन्मांध बाळेही हसतात. म्हणजे हसण्याची कला पाहून शिकावी लागत नाही, ती घेऊनच आपण येतो. मात्र ती टिकवायला समोरून उत्तर लागते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी आधी नेहमीसारखे खेळायचे आणि मग काही वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसते पाहायचे. बाळ आधी हसून पाहते. मग हात पुढे करते, आवाज काढते, पुन्हा हसून पाहते. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते तोंड फिरवते, कासावीस होते, रडू लागते. अवघ्या दोन-तीन मिनिटांचा हा खेळ. पण पाहणाऱ्याच्याही पोटात कालवते.

मोठेपणी आपण रडत नाही, इतकेच. आपले हसू परत आले नाही तर आपणही तोंड फिरवतो. एका गावात एक बाई होती. औषधाचा कोर्स पूर्ण झालेला, रोग बरा झालेला, पण चेहऱ्याच्या एका बाजूची नस गेलेली. शेजारणी म्हणत, "आता लई घुमी झाली. पाहून हासत बी नाही." नवऱ्याच्या मनात आले की हिला आपला राग आहे. वास्तविक ती आत हसत होती. गाल वर यायचे नाव घेत नव्हता. हळूहळू लोकांनी हसून पाहणे सोडले, आणि मग खरोखरच तिचे हसू आटले. नसेच्या दुखण्याने जेवढे नेले त्यापेक्षा जास्त या गैरसमजाने नेले.

अमेरिकेतल्या कॅथलीन बोगार्ट या मानसशास्त्रज्ञांना जन्मतःच चेहऱ्याचा पक्षाघात आहे, आणि त्यांनी याच विषयाचा अभ्यास केला आहे. त्यांना आढळले, की ज्यांचा चेहरा हलत नाही अशा माणसांना बघणारे लोक चटकन दुःखी किंवा तुसडे समजतात. मात्र तीच माणसे आवाजातून, हातवाऱ्यांतून, मान डोलावून आपला भाव दाखवू लागली की बघणाऱ्यांचे मत सुधारते. त्या बाईने हे आपले आपण शोधून काढले होते. कुणी गमतीचे बोलले की ती जोराने टाळी वाजवी आणि शेजारणीच्या पाठीवर एक थाप देई. काही महिन्यांनी मी गेलो तेव्हा शेजारणी तिच्याच ओसरीवर बसलेल्या होत्या. हसू ओठांतून गेले तर हातांतून येऊ शकते, फक्त ते ओळखणारे कुणी हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हसल्याने मन आनंदी होते, की मन आनंदी असल्याने माणूस हसतो? १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तो फार गाजला. लोकांना दातांत पेन धरायला सांगितले, म्हणजे तोंड आपोआप हसल्यासारखे होते, आणि मग व्यंगचित्रे दाखवली. त्यांना ती चित्रे जास्त गमतीची वाटली, असा निष्कर्ष निघाला. 'खोटे हसा, खरे सुख मिळेल' या उपदेशाला जणू शास्त्राचा शिक्का मिळाला. पण २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मग १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. कुणाच्या हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा ओठ मुद्दाम हसरे केले, तर आनंदाची भावना थोडी वाढते असे त्यात दिसले. पेनाच्या युक्तीचा मात्र ठोस पुरावा मिळाला नाही.

थोडक्यात, आरशासमोर उभे राहून हसलात तर काही वाईट नाही, थोडे बरेही वाटेल. पण तेवढ्याने उदासी जाणार नाही. ज्याचे पीक बुडाले आहे किंवा ज्याच्या घरात कुणी गेले आहे, त्याला 'हसत राहा' असे सांगणे हा तर त्याच्या दुःखाचा अपमान आहे. नोकरी म्हणून दिवसभर हसावे लागणाऱ्यांनाही विचारून पाहा. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असलेली मुलगी गिऱ्हाइकाकडे पाहून दिवसभर हसते आणि संध्याकाळी घरी जाताना तिचे गाल दुखतात. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहिले आणि अशा हसण्याला सरळ श्रम म्हटले. हमाल पाठीने ओझे वाहतो, या मुली चेहऱ्याने वाहतात.

मग हसण्याचा खरा गुण कुठे आहे? रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकी संशोधक बाजारात, महाविद्यालयात, रस्त्यावर लोक केव्हा हसतात याच्या नोंदी करत हिंडले. त्यांना आढळले की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट जास्त तो सोबतीत हसतो. आणखी एक गंमत म्हणजे, बहुतेक हसणे विनोदावर नसतेच. 'बरं, येतो मग', 'अगं, तू इथे कशी?' अशा अगदी साध्या वाक्यांवर लोक हसतात. विनोद हे निमित्त. हसण्यातून आपण एकमेकांना एवढेच सांगत असतो, की मी तुझ्यासोबत आहे, तुला माझ्यापासून धोका नाही.

आमच्या भागात हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आषाढ-श्रावणात धानाच्या रोवणीला या. गुडघाभर चिखलपाण्यात, कमरेत वाकून, पाठीवर पाऊस घेत बायका ओळीने पऱ्हे रोवत असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून राहायचे. पाठीचा कणा बोलू लागतो. पण बांधावरून पाहाल तर त्या ओळीतून सारखा हशा येत असतो. कुणी सासूची नक्कल करते, कुणी नव्या नवरीला छेडते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. लोकांना एकत्र बसवून विनोदी फिती दाखवल्या आणि आधी व नंतर वेदना किती सोसता येते ते मोजले. खदखदून हसल्यानंतर सोसण्याची ताकद वाढलेली होती. नुसते माहितीपट पाहिल्यावर तसे झाले नाही. एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवातही त्यांनी विनोदी प्रयोगांना आलेल्या प्रेक्षकांना भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना बसल्यासारखे राहायला सांगितले. तिथेही तसाच कल दिसला. हे निष्कर्ष २०११-१२ साली प्रसिद्ध झाले. २०१७ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मेंदूचे चित्रण करून दाखवले, की जवळच्या मित्रांसोबत हसताना मेंदूत वेदना शमवणारी आणि बरे वाटायला लावणारी, अफूच्या जातीची नैसर्गिक रसायने स्रवतात. रोवणीच्या ओळीतला हशा हा वेळ घालवण्याचा प्रकार नाही. तो त्या बायकांच्या कमरेला लावलेला लेप आहे.

मग दिवाळी होते, धान घरात येतो आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, हे आपल्याला माहीत असेलच. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचे गाव. मंडईच्या निमित्ताने गावोगाव प्रयोग लागतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. पाहुणे लांबून येतात, सोयरिकी जुळतात. हाडे गोठवणाऱ्या थंडीत ब्लँकेटे गुंडाळून हजारो माणसे तिकीट काढून बसतात. नाटक कितीही करुण असो, त्यात विनोदी पात्र हवेच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी अशा भूमिकांनी पिढ्यान्‌पिढ्या हसवल्या आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या हशाला मिळालेला तो मान आहे, असेच आम्ही समजतो.

पण त्याच मंडपात मी हसण्याची दुसरी बाजूही पाहिली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गावातला कुष्ठरोगी माणूस नाटकाला येई, पण मंडपात बसत नसे. कडेला, उजेड संपतो तिथे, पोत्यावर एकटा बसे. नाटक तेच, विनोद तोच. मंडपातला माणूस हसताना शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारी. कडेचा माणूस हसण्याआधी आजूबाजूला पाही. आपण हसलो तर लोकांचे लक्ष आपल्याकडे जाईल, ही धास्ती. हशाचा जो लेप मी आत्ता सांगितला, तो त्या रात्री सगळ्या गावाला मिळत होता, फक्त ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्याला सोडून.

मराठीत 'हसू' आणि 'हसे' यांत एका मात्रेचा फरक आहे. हसू होते तेव्हा माणसे जवळ येतात. हसे होते तेव्हा एक माणूस बाहेर फेकला जातो आणि बाकीचे त्याच्या जिवावर जवळ येतात. 'लोक हसतील' हे आपल्याकडचे फार जुने भय. चट्टा लपवून ठेवणाऱ्या किती जणांना मी विचारले असेल, की बाबा, दाखवला का नाहीस? रोगाची भीती सांगणारे थोडे. 'गाव हासन', हेच उत्तर जास्त. त्या एका भीतीपायी दोन-दोन, तीन-तीन वर्षे उपचारावाचून जातात आणि तेवढ्यात नसा जातात.

याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी काही कुष्ठरुग्णांना घेऊन खडकाळ, झाडझाडोऱ्याच्या जमिनीवर वसाहत उभी केली. महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली. त्या जागेला त्यांनी नाव दिले आनंदवन. त्या काळी ज्या माणसांना गावाबाहेर काढत, त्यांच्या वस्तीला 'आनंद' हे नाव देणे धाडसाचेच होते. पण तिथे कुणी कुणाला 'हसत राहा' असा उपदेश केला नाही. तिथे शेती झाली, विहिरी खणल्या गेल्या, हातमाग चालले, लग्ने लागली, संसार झाले. काम मिळाले, माणसे मिळाली, आणि हसू त्यांच्या मागून आले. पुढे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलावंत रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांची करमणूक करू लागले. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत, त्यांच्याकडे लोक आता आनंद मागायला तिकीट काढून येत होते. हसण्याची देवाणघेवाण पुन्हा दोन्ही बाजूंनी सुरू झाली होती.

हसण्याचा आणि आरोग्याचा संबंधही मला इथूनच समजतो. हसल्याने कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाने दुखऱ्या आजारात विनोदी चित्रपट पाहिले, आणि दहा मिनिटे खळखळून हसल्यावर आपल्याला दोन तास वेदनेविना झोप लागे, असे १९७९ सालच्या पुस्तकात लिहिले. तो त्यांचा अनुभव. तो औषधाची जागा घेत नाही. मात्र सोबतीचे महत्त्व भक्कम पुराव्यांनी सिद्ध झालेले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. हसू ही या सोबतीची रोजची, सुटी चिल्लर आहे. नोटा आपण सणासुदीला काढतो. व्यवहार चालतो तो चिल्लरीवर.

मुंबईत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसे घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला तिथे विनोद सांगत. काही दिवसांत चांगले विनोद संपले आणि वाह्यात सुरू झाले. तेव्हा विनोदाशिवायच हसायचे ठरले, आणि ती चळवळ जगभर पसरली. त्यातले बळ हसण्याच्या व्यायामात किती आणि रोज ठरल्या वेळी सात-आठ ओळखीचे चेहरे भेटण्यात किती, हे कुणी वेगळे काढून दाखवू शकणार नाही. मी तरी निवृत्त, एकट्या माणसाला 'बागेत जा' असेच सांगतो. हसायला नाही जमले तरी गप्पा होतील.

अनोळखी माणसाकडे पाहून हसण्याविषयीही दोन शब्द सांगतो. एटापल्ली, भामरागडच्या माडिया गावांत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला त्यांची भाषा येत नव्हती. हसू ही सगळ्या जगाची भाषा आहे असे आपण पुस्तकात वाचतो. तिथे मी हसलो, आणि कुणी उलट हसले नाही. खांद्याला सरकारी पिशवी लावून आलेल्या माणसाकडे पाहून त्यांनी का हसावे? मी 'जोहार' केला, झाडाखाली बसलो, दिलेले पाणी प्यालो, दोन-चार शब्द विचारून घेतले आणि ते चुकीचे उच्चारले. माझ्या उच्चारावर पोरे हसली, मग बाया हसल्या, मग म्हातारे. हसू फेकून मारता येत नाही. थोडे थांबावे लागते, थोडे स्वतःवर हसू द्यावे लागते.

कुष्ठरोगाचे आज पुष्कळ बदलले आहे. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, रुग्णाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून संसर्गाची भीती उरत नाही. नसेचा दुबळेपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर स्टेरॉइडच्या उपचाराने आणि व्यायामाने तो पुष्कळदा भरून येतो. जुना असेल तर शस्त्रक्रिया आहे. कानशिलाजवळचा, चावण्याच्या कामी येणारा स्नायू घेऊन त्याची पट्टी पापण्यांभोवती फिरवतात. मग माणसाने दात आवळले की डोळा मिटतो. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूदही २०१९ च्या कायद्याने काढून टाकली. औषध आले, शस्त्रक्रिया आली, कायदाही आला. आमच्या जिल्ह्यांत नवे रुग्ण मात्र अजून सापडतात, आणि 'लोक हसतील' ही भीतीही अजून सापडते. तिच्यावरची गोळी कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही.

म्हणून हसण्याच्या फायद्यांची यादी घेऊन आपण किती हसतो ते मोजत बसू नका. त्यापेक्षा आठवून पाहा, की आपण कुणाकडे पाहून हसायचे सोडले आहे. घरातली मोठी माणसे असतील. कचरा न्यायला रोज येणारी बाई असेल. पक्षाघाताने तोंड वाकडे झालेले शेजारचे काका असतील; आपण हसलो आणि त्यांना हसता आले नाही तर त्यांना वाईट वाटेल, असे समजून आपण नजर चुकवत असू. नजर चुकवू नका. त्यांचे उत्तर ओठांतून येणार नाही. त्यांच्या हाताकडे, मानेकडे, आवाजाकडे लक्ष द्या, तिथून ते येईल. मोबाइलमध्ये डोके घालून बाळाला मांडीवर घेणाऱ्या आयांना आणि बापांनाही एवढेच सांगणे आहे, की ते बाळ वर पाहून हसते तेव्हा त्याला समोर चेहरा मिळू द्या.

आणि घरात कुणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल, झोपेत कुणाचा डोळा उघडा राहत असेल, हसताना एक गाल मागे राहत असेल, तर लाजू नका. आशाताईला सांगा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. असा माणूस शेजारी असेल तर त्याच्यासोबत जा. आणि औषध घेऊन तो गावात परत येईल, तेव्हा मंडळी, आधी तुम्ही हसा, आणि नाटकाला गेलात तर त्याला आपल्या शेजारी जागा धरून ठेवा.